सराईची पुढची बाजू

सगळं झालं होतं, फक्त पुढची भिंत राहिली होती. कोळशाचं अंगण झालं, स्वयंपाकघर झालं, वरच्या मजल्यावरच्या उतारूंच्या खोल्या झाल्या. चादरींच्या खोलीतल्या कोपऱ्यात ओल येऊन धरलेले पोपडेसुद्धा ठकीने रंग कालवून कालवून तसेच्या तसे उतरवले. पण रस्त्याकडून पाहावं तर सराईला तोंडच नव्हतं. नुसती पांढरी सपाट भिंत, आणि तिच्यात कुठल्याही घराला चालेल असं एक तयार दार.

संगणकावरचा खेळच तसा होता. आपण घर बांधायचं, माणसं करायची आणि त्या घरात सोडून द्यायची. मग ती आपली आपण जेवतात, झोपतात, भांडतात, रुसतात. माईला, म्हणजे ठकीच्या आईला, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली होती, की त्याला खेळ कशाला हवा, आपल्या घरात दुसरं काय चालतं. पण ठकीचा जीव लहानपणापासून घरं मांडण्यात. बाहुल्यांची घरं मांडायची म्हणून तर तिला ते नाव पडलं. आता ती कवळ्या घडवायच्या कारखान्यात काम करते, दिवसभर तांदळाएवढ्या दाताला कानस लावते, आणि घरी आली की पणजोबांची सराई बांधायला घेते. खरी सराई रस्तारुंदीत गेली तेव्हा ही रांगत होती. न पाहिलेल्या घराची हिला एवढी ओढ कुठून लागली, हे माईला कोडंच होतं.

बापूंनी, म्हणजे माईच्या नवऱ्याने, आधी पोरखेळ म्हणून नाक मुरडलं. मग येताजाता पडद्याकडे बघू लागले. मग एक दिवस खुर्ची ओढून बसले, आणि त्यानंतर खुर्ची तिथून हललीच नाही. त्यांचा धाकटा भाऊही दर रविवारी येऊन बसायचा. हा फरशा बसवणारा कंत्राटदार. माईचे हे भावोजी जगातल्या प्रत्येक खोलीकडे तिची फरशी बघण्यासाठीच बघत. एक म्हणे जिना डावीकडे, दुसरा म्हणे डावीकडेच पण जरा पुढे. दोघांचं एवढं एकमत बघून ठकीने बिनघोर काम केलं.

आणि पहिल्या खेपेला सराई चक्क उलटी झाली. खेळातले उतारू बॅगा घेऊन आले ते कोळशाच्या अंगणातून थेट स्वयंपाकघरात, चुलीशेजारून वाट काढत, मालकिणीला धक्का देत. सगळे हसून हसून दमल्यावर मग लक्षात आलं, की दोघा भावांनी सगळं घर मागच्या दारातून सांगितलं होतं. डावा उजवा हात, पुढे, मागे, सगळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून. त्याला कारण होतं. पणजोबांचा कडक नेम होता: पुढचं दार उतारूचं. घरच्या माणसाने त्यातून यायचं नाही, जायचं नाही, त्याच्या पायरीवर बसायचं नाही. पैसे मोजून राहणाऱ्याला हे घर आपलं वाटायला हवं, आणि आपलं वाटायला हवं तर मालकाची पोरं तिथे लुडबुडता कामा नयेत. पोरं मागच्या गल्लीने शाळेत गेली, मागच्या गल्लीने परत आली. पुढे बापू दहा वर्षांचे असताना रस्ता उंच केला, तेव्हा ती जुनी बाजू पाडून नवी बांधली. नवी दोघांनीही मोठेपणी पाहिलेली, म्हणून ती आठवत होती. जुनी, म्हणजे पणजोबांनी बांधलेली, कुणालाच नाही.

भावोजी म्हणाले, खांब होते. बापू म्हणाले, तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला कुठले खांब दिसणार. त्यावरून दोघांची जुंपली आणि दोन रविवार भावोजी आले नाहीत.

जुनी बाजू पाहिलेलं एक माणूस होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

बापूंची थोरली बहीण एकोणिसाव्या वर्षी एका उतारूबरोबर निघून गेली होती. चोरून नव्हे, भर दुपारी. तो फिरता चष्मेवाला होता, वर्षातून एकदा येऊन महिनाभर राहायचा. वडील नको म्हणाले, सराई बांधणारे आजोबा नको म्हणाले, तेव्हा ती त्याच्या शेजारून, हातात त्याची काचांची पेटी घेऊन, पुढच्या दाराने बाहेर पडली. घराण्यात त्या दाराने गेलेली ती एकटीच. त्या वेळी बापू नऊ वर्षांचे होते. आई दिवसभर चुलीपाशी, तेव्हा न्हाऊमाखू घालण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत त्यांचं सगळं या बहिणीनेच केलेलं. लग्न होऊन माई घरात आली तेव्हा पहिल्या महिन्यातच तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, की वरच्या खिडकीतून मी बघत होतो, ताई गेली ती वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यानंतर एवढ्या वर्षांत हेच वाक्य तिने किती वेळा ऐकलं याची गणतीच नाही. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. ठकीची ही आत्या तशी येऊन जाऊन असे, आजारपणाला, बारशाला, दुखवट्याला. पण यायची ती घंटा वाजवून, बसायची ती दाराजवळच्या खुर्चीवर, आणि बापू तिला अहो-जाहो करायचे.

माईची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेली होती. कोण कुणाशी बोलायला घाबरतंय, हे तिला नुसत्या श्वासावरून कळायचं. पुढच्या आठवड्यात आत्या परदेशातल्या मुलाकडे कायमची राहायला जाणार, असं कानावर आलं तेव्हा तिने कुणाला न विचारता फोन उचलला. ही दोघं आता बोलली नाहीत तर मग कधीच बोलणार नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सराईची पुढची बाजू फक्त तुम्हीच पाहिली आहे, वन्सं, एकदा येऊन सांगा, असं ती म्हणाली. मग आत्या म्हणाली, "त्याने बोलवलंय का?"

माईने आयुष्यात फोनवर एकच थाप मारली, ती ही. हो म्हणाली.

रविवारी दुपारी घंटा वाजली. भावोजी नेमके त्याच दिवशी राग विसरून आले होते, त्यांनीच दार उघडलं आणि ताई म्हणून तिथेच गळ्यात पडले. जो तेव्हा पाळण्यात होता, त्याला रुसायला काही आठवतच नव्हतं. बापू उठून उभे राहिले, शर्टाची बटणं चाचपली, आणि म्हणाले, "या. बसा." एवढंच. मग माईकडे असं पाहिलं, की आज रात्री या घरात काय बोललं जाणार ते तिला तिथल्या तिथे वाचता आलं. तिने चहा ठेवायला आत पळ काढला.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा ठकीने सराई मोठ्या पडद्यावर लावली होती. आत्या दाराजवळच्या खुर्चीवरच होती, पण खुर्चीच्या अगदी कडेला सरकलेली. तिच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या. चष्मेवाल्याची बायको म्हटल्यावर तेवढं चालायचंच, असं ती स्वतःच म्हणे. चष्मेवाला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. ठकी एकेक खोली दाखवत होती आणि आत्या नुसती हं हं करत होती. चुलीवरची मोठी भांडी आली. खचलेली पायरी आली. मग खेळातली माणसं आली: पाटी घेऊन बसलेले आजोबा, आजी, वडील, आई, कायमची राहायला आलेली आजीची बहीण, कुत्रा, पाळण्यात भावोजी, आणि जिन्यावरून उड्या मारत खाली येणारा नऊ वर्षांचा बापू.

"याचे गुडघे असेच फुटलेले असायचे," आत्या म्हणाली.

ठकीला कौतुकाचं भरतं आलं. ती म्हणाली, की गुडघ्यांवरचे वण माईने सांगितले, बाकी सगळं बापूंनी. मग आत्याने सगळ्यांच्या मनातला प्रश्न अगदी सहज विचारला, बाजारात भाव विचारावा तसा.

"आणि मी कुठंय?"

भावोजींनी बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. ठकीने वडिलांकडे पाहिलं. वडील पडद्याकडे बघत होते.

"आहेस ना आत्या," ठकी शेवटी म्हणाली. "केलीये मी तुला. फक्त तू घरातल्यांच्यात नाहीस. पाहुणी आहेस. म्हणजे, बापू म्हणाले तसं..."

"मी म्हणालो," बापू म्हणाले. "खेळ विचारतो, घरातलं कोण आणि बाहेरचं कोण. जे होतं ते सांगितलं."

माईला वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण झालं. पण आत्या रागावली नाही. बोलाव की मग मला, म्हणाली, बघू तरी कशी दिसते ती.

ठकीने बोलावलं. रस्त्यावरून पिवळ्या झग्यातली एक सडपातळ मुलगी चालत आली, पांढऱ्या भिंतीसमोर थांबली आणि तिने घंटा वाजवली. आतून कुणीतरी दार उघडलं. ती उतारूंच्या बैठकीत आली, जरा इकडेतिकडे करून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. ते उघडेना. कुठलं दार कुणी ओलांडायचं हे त्या खेळात ठरवून देता येतं, आणि पणजोबांचा नेम ठकीने काटेकोर पाळला होता: पुढचं दार घरच्यांना बंद, मागचं आणि स्वयंपाकघराचं पाहुण्यांना. पिवळ्या झग्यातल्या मुलीने मान हलवली, बाहेर पडली, घराला वळसा घालून कोळशाच्या अंगणातल्या दाराशी गेली. तेही उघडेना. मग ती तिथेच उभी राहिली आणि तिने एक जांभई दिली. आत चुलीपाशी सगळे जेवायला बसत होते.

खेळातली बाहुली ती, तिला काय कळतंय. पण भावोजी खिडकीतून बाहेर काहीतरी बघू लागले.

"दार असं नव्हतं," आत्या म्हणाली.

सगळ्यांना वाटलं ती त्या बंद दाराबद्दल बोलतेय. पण तिने ठकीला पुढच्या बाजूला न्यायला सांगितलं, खुर्चीवरून उठली, चष्मा पुसला आणि पडद्याच्या इतकी जवळ गेली की ठकीला बाजूला सरकावं लागलं. दार दोन फळ्यांचं होतं, ती म्हणाली, वर काच, काचेत बारीक बुडबुडे. रंग हिरवा, पण उन्हाने उडून खालच्या अंगाला राखाडी झालेला. उजवी फळी उतरलेली होती, ती उघडताना पायरीच्या दगडावर घासायची, तिथे कोयत्यासारखी पांढरी रेघ पडली होती. खांब नव्हते. बापूंनी भावाकडे एक नजर टाकली, पण बोलले नाहीत. दारावर कंदिलाचा आकडा होता, कंदील नव्हता. पन्हळ डावीकडून उतरायची आणि मध्येच तारेने बांधलेली होती.

ठकीची बोटं भराभर चालत होती. भिंतीवर दार आलं, आकडा आला, पन्हळ आली.

"वर तीन खिडक्या," आत्या म्हणाली. "त्यातली मधली खोटी."

"खोटी म्हणजे?"

"रंगवलेली. आतून तिथे भिंतच होती, कपाटाची. पण बाहेरून दोनच खिडक्या विद्रूप दिसतील म्हणून आजोबांनी तिथे तिसरी रंगवून घेतली. तावदानं, कडी, सगळं. एका तावदानात पडदा जरासा सरकलेला काढला होता. कुणी बघतंय असं वाटावं म्हणून."

भावोजींनी मांडीवर थाप मारली. ज्या घरात आपण लहानाचे मोठे झालो त्याला एका खिडकीचं सोंग होतं आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना हसू आवरेना. लगेच ते ताईच्या पक्षात गेले आणि खांब आपण कधी म्हटलेच नव्हते असं सांगू लागले. बापू मात्र हसत नव्हते. ते खुर्चीत पुढे झुकले होते आणि माईला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"एवढं सगळं," बापू सावकाश म्हणाले, "पायरीवरून उतरता उतरता दिसत नाही."

"नाही."

"त्याला समोर उभं राहावं लागतं."

"हो रे."

"तू उभी राहिली नाहीस. मी बघत होतो. तू त्याच्याबरोबर सरळ मोटारीपर्यंत गेलीस आणि मोटारीच्या पलीकडे गेलीस, आणि मोटार गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य जिच्याबद्दल होतं तिला ऐकवलं गेलं. अहो-जाहो कधी गळून पडलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. माईने ट्रे गच्च धरून ठेवला.

आत्या वळली नाही. ती पडद्याशी बोलल्यासारखी बोलली.

"मोटारीच्या पलीकडे गेले, पण बसले कुठे लगेच? टपावर सामान बांधत होते. मी मोटारीच्या आडून बघत होते, दोन्ही काचांतून आरपार. दार बघितलं, पन्हळ बघितली. आयुष्यात पहिल्यांदाच घर पुढून बघत होते, मला वाटलं हे कुणाचं घर आहे. मग वर बघितलं. उजवीकडच्या खिडकीत तू होतास. काचेला नाक लावून. काच धुरकटली की बाहीने पुसत होतास आणि परत नाक लावत होतास."

बापू पडद्यावरच्या उजव्या खिडकीकडे बघू लागले.

"ड्रायव्हर हाका मारत होता," आत्या म्हणाली. "हे मारत होते. मी म्हटलं थांबा जरा, तो अजून आहे."

"मग पुढे का आली नाहीस?" बापूंचा आवाज चिरकला. "एकदा हात तरी करायचास. मी तिथे रात्रीपर्यंत..."

"हात केला असता तर तू खाली धावत आला असतास."

"आलोच असतो."

"मग मला जाता आलं नसतं रे," आत्या म्हणाली. "आणि मला जायचं होतं. दोन्ही खरं होतं. तुला सोडवत नव्हतं आणि मला जायचंही होतं. हे नऊ वर्षांच्या पोराला काय सांगणार? नंतर सांगू म्हटलं, तर तू या-बसा करायला लागलास."

बापू रडले. मोठ्यांदा नाही, पण तोंड न लपवता, आणि माईने लग्न झाल्यापासून त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती उठून त्यांच्याकडे जाणार होती, पण त्याआधी आत्याच गेली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, केस विरळ झालेत म्हणाली, पूर्वी कंगवा मोडायचा. भावोजीही रडत होते, मात्र आपल्याला सर्दी झाली आहे असं त्यांनी जाहीर केलं.

पडद्यावर तोवर संध्याकाळ झाली होती. त्या खेळात दिवस फार लवकर मावळतो, आणि दिवस मावळला की पाहुणे आपणहून निघतात. पिवळ्या झग्यातली मुलगी अंगणातून वळून रस्त्याला लागली.

"ठके, थांबव तिला," बापू म्हणाले. "घरात घे. काय दाबायचं असतं ते दाब."

ठकीने दाबलं आणि खेळाने साफ नकार दिला. एका घरात ठरावीकच माणसं मावतात, आणि सराई भरली होती. भावोजींनी ताबडतोब आपली जागा देऊ केली, तसाही मी झोपलेलाच असतो म्हणाले. पण तान्ह्याला घराबाहेर काढायला खेळ तयार नव्हता. मग कुत्र्याचं नाव निघालं. आजीच्या बहिणीचंही निघालं, आणि ते मात्र आत्यालाच पटलं नाही, ती बिचारी कुठे जाईल म्हणाली. जणू काही खरंच कुणाला तरी रस्त्यावर काढायचं आहे अशा गंभीरपणे सगळे बोलत होते, आणि माईला त्यात काहीही विचित्र वाटत नव्हतं.

"मला काढ," बापू म्हणाले.

ठकीने त्यांच्याकडे पाहिलं.

"मला काढ आणि हिला घे. मी येईन बाहेरून. माझं ते जुनं घर मी पुढून कधी बघितलं नाही."

ठकीने गुडघे फुटलेल्या पोराला उचलून शेजारच्या घरात ठेवलं. रस्त्यावरची मुलगी थबकली, मागे फिरली, आणि कोळशाच्या अंगणातून, कुणाला न विचारता, दार ढकलून स्वयंपाकघरात गेली. आजीने तिच्यासाठी ताट घेतलं. हे ठकीने केलं नव्हतं, खेळानेच केलं. घरचं माणूस आलं की तिथे ताट घेतातच.

"आता मला बोलाव," बापू म्हणाले.

पोरगा रस्त्याच्या पलीकडून आला. हिरव्या दारासमोर, तीन खिडक्यांखाली, तो उभा राहिला. उंची कमी म्हणून टाचा उंचावून त्याने घंटा वाजवली. आत जेवणं चालली होती. आजोबा उठले नाहीत, वडील उठले नाहीत. पिवळ्या झग्यातली मुलगी ताटावरून उठली, बैठकीतून चालत गेली आणि तिने दार उघडलं. दार उघडायची मुभा घरच्यांना होती, ओलांडायची तेवढी नव्हती. ती उंबऱ्याच्या आत उभी, पोरगा बाहेर.

पोरगा तिथेच उभा राहिला. कदाचित खेळ अडला असेल, कदाचित ठकी बटण दाबायची विसरली असेल.

"अरे, आत ये की," आत्या म्हणाली. "उभा काय राहिलास?"

"आलो गं," बापू म्हणाले, आणि बहिणीचा हात त्यांनी सोडला नाही.